आधी हिरड्या बघ

पोरी, परवा रात्री तुझा म्हातारा लॅब्राडॉर ब्रूनो पडला म्हणून फोनवर तू रडत होतीस आणि मागून जावईबापू "गाडी काढू का" म्हणून विचारत होते. त्या गडबडीत माझं निम्मं बोलणं तुला ऐकूच गेलं नसणार. म्हणून आता सावकाश लिहून पाठवतोय. माझी सगळी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. दारात यायच्या त्या गाई, म्हशी, शेळ्या. कुत्री त्या मानानं कमी, पण यायची ती बहुतेक म्हातारी, आणि घेऊन येणारा हमखास म्हणायचा, "काल संध्याकाळपर्यंत चांगलं होतं, साहेब." मी डॉक्टर नाही. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं त्यांनी शिकवलेलं आणि समोर घडताना पाहिलेलं, तेवढंच सांगतो.

कुत्रं पडलं, झोकांड्या खायला लागलं, धापा टाकायला लागलं, काहीही झालं तरी पहिलं काम एकच. वरचा ओठ उचलायचा आणि हिरड्या बघायच्या. हाका मारत बसायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. चांगल्या कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटानं दाबल्या की पांढऱ्या होतात आणि बोट काढलं की दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग येतो. पांढऱ्याफटक दिसल्या तर अंगात रक्त कमी आहे, किंवा आतल्या आत कुठंतरी वाहतंय. निळसर झाल्या तर श्वास पुरत नाही. पिवळ्या म्हणजे कावीळ. लालभडक आणि कोरड्या, त्यातून चैत्र-वैशाखातली दुपार, तर उष्माघात समजून चाल. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हळूच ओढून आतली बाजू बघायची. ब्रूनोच्या हिरड्या तो धडधाकट दिसतोय अशा दिवशी उजेडात बघून ठेव. त्याचा नेहमीचा रंग तुला माहीत नसेल, तर रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात फिका पडलाय की नाही, हे कळणार कसं?

दुसरं, श्वास मोजायला शीक. तो गाढ झोपलेला असताना बरगड्यांकडे बघायचं. छाती वर जाऊन खाली आली की एक. अर्धं मिनिट मोजायचं आणि आकड्याची दुप्पट करायची. मिनिटाला तीसच्या आत आकडा असला की काळजी नाही. स्वप्नात पाय हलवत असेल किंवा जीभ काढून धापत असेल तेव्हा मोजू नकोस, तो आकडा खोटा. ही साधी मोजणी फार मोलाची आहे. हृदय थकायला लागलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी साठू लागलं, की आपल्या नजरेत भरेल अशी धाप लागण्याच्या आधीच झोपेतला हा आकडा वाढतो. एरवी बावीस-चोवीस असणारा श्वास थोड्या थोड्या वेळानं दोन-तीनदा मोजूनही पस्तीस-चाळीस येत असेल, तर डॉक्टरांना फोन लाव, सकाळची वाट बघू नकोस. तुझ्या पॉमेरेनियनवाल्या शेजारणीलाही हे सांग. लहान जातींत म्हातारपणी हृदयाची झडप सैल होऊन गळायला लागते आणि रात्रीचा खोकला सुरू होतो. त्यांचा प्रत्येक खोकला हृदयाचाच असतो असंही नाही, श्वासनलिका चपटी पडूनही ती खोकतात. ते ठरवायला छातीचा एक्स-रे लागतो, अंदाज चालत नाही.

तिसरं म्हणजे ताप. नाक गरम का गार यावरून ताप ठरवणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. ते सोडून दे. औषधांच्या दुकानात मिळतो तो साधा डिजिटल थर्मामीटर घे, त्यावर ब्रूनोचं नाव लिही (नाहीतर जावईबापू तोंडात घालतील), टोकाला खोबरेल तेल लाव आणि शेपटीखाली गुदद्वारात हळूच सरकव. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ताप नाही. १०४ च्या वर गेला किंवा ९९ च्या खाली उतरला, तर दवाखाना.

आता ब्रूनोचं. तुझ्या डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले आणि म्हातारपणातली चक्कर आहे म्हणाले, ते ऐकून मला बरं वाटलं. हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज हलतं. मान एका बाजूला वाकडी, डोळ्यांची बुबुळं आडवी टकटक हलतायत, उठायला गेलं की एकाच अंगावर कोसळतंय, उलटी होतेय. घरातली माणसं म्हणतात लकवा मारला, आता संपलं. दवाखान्यात तर लोक थेट "सुई देऊन टाका" म्हणत यायचे. लकव्याशी याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती बिघडते. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर आपल्याला कसं होतं, तसं त्याला न थांबता होत राहतं. कारण पुष्कळदा सापडतच नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग बुबुळं थांबतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बरीचशी कुत्री चालायला लागतात. मान थोडी वाकडी राहिली तर राहू दे, तशा मानेनं ती पुढं मजेत जगतात.

तोवर काय करायचं ते नीट ऐक. त्याला उचलून कडेवर घेऊ नकोस. पाय जमिनीवरून सुटले की त्याची चक्कर वाढते. पोटाखालून जुना पंचा किंवा टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धर आणि तसाच शू करायला ने. भिंतीच्या कोपऱ्यात गोधडी अंथर, म्हणजे एका बाजूनं आधार मिळेल. जिन्याला फळी आडवी लाव. रात्री एक छोटा दिवा चालू ठेव. कान दगा देत असताना निदान डोळ्यांना तरी जमीन दिसू दे. पाणी पसरट भांड्यात, तोंडाजवळ धरून, थोडं थोडं. मान वाकडी असताना बळजबरीनं दूध किंवा पेज ओतलीस तर ती श्वासनलिकेत जाईल आणि चक्कर राहील बाजूला, न्यूमोनिया होऊन बसेल. उलटी थांबायची गोळी डॉक्टर देतात, ती मागून घे.

हे सगळं खरं, पण तीन गोष्टींवर नजर ठेव. बुबुळं आडवी न हलता वर-खाली हलायला लागली, पाऊल उलटं टेकवून पंजाच्या पाठीवर चालायला लागला, किंवा गुंगीत गेला आणि तुझ्या हाकेलाही कान हलवेना, तर दुखणं कानाचं नाही, मेंदूचं असू शकतं. आणि तीन-चार दिवसांत काहीच उतार पडला नाही तरी परत दाखव. आतल्या कानात पू झाला असेल तर त्याला औषध वेगळं आणि लांबलचक असतं.

तू विचारलंस, प्रत्येक वेळी रात्री धावायचं का? नाही. एक वेळ खाल्लं नाही, एकदा उलटी झाली पण नंतर पाणी टिकलं, लंगडतोय पण पाय टेकवतोय, जुलाब झाले पण शेपटी हलतेय, याला सकाळ उजाडेपर्यंत थांबता येतं. काही दुखणी मात्र घड्याळ बघू देत नाहीत.

त्यातलं सगळ्यात घातकी म्हणजे पोट फिरणं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जास्त, पण लॅब्राडॉरही त्यातून सुटलेला नाही. जेवल्यावर थोड्या वेळानं कुत्रं बेचैन होतं, लाळ गाळतं, ओकाऱ्या काढतं पण बाहेर काहीच येत नाही, आणि बरगड्यांमागं पोट तटतटून फुगतं. जठराला पीळ बसलेला असतो आणि रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो. आपल्याकडे लगेच हिंग, ओवा, सोडा सुरू होतो. म्हशीला पोटफुगीत गोडेतेल पाजतात म्हणून कुत्र्यालाही पाजणारे मी पाहिलेत. त्यात जो तास जातो तोच महागात पडतो. याला शस्त्रक्रियाच लागते आणि ती काही तासांतच व्हावी लागते. कोरड्या ओकाऱ्या आणि फुगलेलं पोट दिसलं की गाडीत घालायचं, फोन वाटेत करायचा.

दुसरं, मोठं कुत्रं एकाएकी मटकन बसतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. म्हाताऱ्या लॅब्राडॉर आणि शेफर्डमध्ये प्लीहेवर गाठ वाढते आणि एक दिवस फुटून पोटात रक्त सांडतं. फसवं काय आहे, तर रक्त थोडंच सांडलं तर ते अंगात परत शोषलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं पुन्हा जेवायला लागतं. घरचे म्हणतात, उन्हानं झालं असेल. मग काही दिवसांनी पुन्हा पडतं. तेव्हा एकदा जरी असं पांढरं पडून बसलं, तरी उठल्यावरही पोटाची सोनोग्राफी करून घ्यायची.

शस्त्रक्रिया न झालेली कुत्री असेल तर माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिने तिच्याकडे बारीक लक्ष हवं. पाणी फार प्यायला लागली, खाणं सुटलं, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालाय अशी शंका घ्यायची. पू बाहेर येताना दिसला तर निदान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड बंद राहून आतच साठला तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. तुझ्या सासूबाईंची चंपी आता अकराची झाली ना? त्यांना हे आवर्जून वाचून दाखव.

याखेरीज शू करायला पाय उचलतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले. श्वास घेताना कोपर बाहेर काढून मान लांब करून बसलाय. यातलं काहीही असलं तर रात्रच काय, दिवाळीचा पाडवा असला तरी निघायचं. पाय लुळे पडलेल्या कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचलू नका. फळीवर किंवा घट्ट ताणलेल्या चादरीवर सरकवा, दोघांनी धरा. आणि जिवापाड माया करणारं कुत्रंही दुखलं की चावतं, तो त्याचा दोष नाही. सुती पट्टी तोंडाभोवती सैलसर गुंडाळून कानामागं गाठ मारा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तेव्हा मात्र तोंड बांधायचं नाही.

फिट आली तर? आपल्या भागात अजून चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाला लावतात. दोन्हींनी काही होत नाही. फिट तिच्या वेळेनं थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. तू घड्याळ बघ. आजूबाजूचं टेबल, कुंड्या सरकव, डोक्याखाली उशी दे, पंखा लाव, आणि तोंडात हात घालू नकोस. कुत्रं जीभ गिळत नाही. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा एका दिवसात दुसरी आली तर दवाखाना. जावईबापूंना मोबाइलवर चित्रण करायला सांग, कारण डॉक्टरांपुढं गेल्यावर कुत्रं शहाण्यासारखं उभं असतं. फिट आणि घेरी यातला फरकही त्या चित्रणातून कळतो. फिटमध्ये अंग ताठ होतं, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, शू होते, आणि उठल्यावर बराच वेळ कुत्रं हरवल्यागत फिरतं. हृदयामुळं घेरी आलेलं कुत्रं लुळं पडतं आणि मिनिटभरात उठून काही झालंच नाही असं वागतं. औषधं पार वेगळी आहेत. उतारवयात पहिल्यांदाच फिट आली तर रक्त तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्या सुरू करून घेऊ नकोस. साखर, यकृत, मूत्रपिंड, मेंदूतली गाठ, मागं काहीही असू शकतं.

आणखी एक, जे शहरात आता कोणी सांगत नाही. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, असं कुत्रं दिसलं की माणूस म्हणतो घशात हाड अडकलं, आणि हात घालतो. ती पिसाळलेपणाची मुकी तऱ्हा असू शकते. ब्रूनोला दरवर्षी लस आहे, त्याची चिंता नाही. पण गेटवरच्या म्हाताऱ्या काळूला तू भाकरी घालतेस, त्याची लस कोणी टोचलीय का? अशा तोंडात हात घालायचा नाही. लाळ लागलीच तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस घ्यायची.

आता घरातल्या औषधांच्या डब्याचं. तुझी आई माझी बहीण, म्हणून बोलतो: तिच्या पर्समधली गुडघ्याची गोळी ब्रूनोला देऊ देऊ नकोस. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी वजन बघून मात्रा ठरवल्याशिवाय नको. गिधाडं कशी संपली ठाऊक आहे ना? डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरं मेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि मूत्रपिंडं जाऊन ती मेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. कुत्र्यांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या वेगळ्या मिळतात. त्याही स्टेरॉइडच्या जोडीनं चालत नाहीत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलीस तर आधीच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने. नाव आठवत नाही, पांढरी गोळी होती, असं सांगणारे मी रोज बघितलेत. बहुतेक गोळ्या पांढऱ्याच असतात.

खाण्याचं थोडक्यात. गटारीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हमखास कुत्री यायची, कारण शिजलेलं हाड कडक होऊन टोकदार फुटतं आणि आतड्यात अडकतं. मटणाची चरबी, तेलाचा कट यांनी स्वादुपिंड सुजतं. मग कुत्रं पुढचे पाय जमिनीला लावून ढुंगण वर करून उभं राहतं आणि उलट्या थांबत नाहीत. मनुका, बेदाणे, द्राक्षं मूत्रपिंडाला विष, म्हणजे सत्यनारायणाचा शिरा बेदाणे वेचूनही नको. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तुझ्या सासऱ्यांची बिनसाखरेची चघळायची गोळी, तिच्यात झायलिटॉल असलं तर एवढ्याशा तुकड्यानंही कुत्र्याची साखर धाडकन उतरते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे ना? दुधाचा हिशेब लिहितेस तिथंच ब्रूनोचा लिही. मला वाटतं, या सगळ्या पत्रातलं एवढं एक जरी तू केलंस तरी पुष्कळ झालं. माणसं म्हणायची "कालपर्यंत चांगलं होतं", आणि डॉक्टर खोदून विचारायचे, तेव्हा निघायचं की पाणी दोन महिन्यांपासून जास्त पितोय, रात्री शू करायला उठवतोय, पाठीचं हाड हाताला लागतंय. रोज समोर असलेलं वजन डोळ्यांना उतरताना दिसत नाही. मूत्रपिंडाचं तर असं आहे, की त्याचं काम तीन चतुर्थांश बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढतच नाही. म्हणून सात-आठ वर्षांपुढं वर्षातून एकदा, दहाच्या पुढं दोनदा, रक्त आणि लघवी दोन्ही तपास. लघवी आधी बिघडते आणि तिची तपासणी स्वस्त असते, तरी लोक ती टाळतात.

लिहायचं काय? महिन्याला वजन: आधी तू एकटी काट्यावर उभी राहा, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी कर. एवढा मोठा उचलवत नसेल तर दवाखान्याच्या काट्यावर नुसतं उभं करून आण, त्याचे पैसे कोणी घेत नाही. आठवड्यातून एक दिवस पाणी: सकाळी मापानं भर, रात्री उरलेलं मोज. तीस किलोच्या कुत्र्याला दीड-दोन लिटर पुष्कळ झालं. तीन लिटरच्या वर जात असेल तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंगचा संप्रेरक-विकार, काहीतरी आहे. झोपेतला श्वास रविवारी. उलटी, फिट, लंगडणं ज्या दिवशी झालं त्या दिवशी एक अक्षर. तुझ्यापुरतं सांगतो, रात्रभर त्याच्या उशाशी बसून श्वास चालू आहे का बघत राहण्यानं त्याला काही मिळत नाही, उलट तू उठलीस की तो उठतो. झोपायच्या आधी एकदा मोज, लिही, मोठा दिवा मालव. आकडा चांगला असेल तर झोप.

पुण्यात गोचीड कमी असं तू म्हणालीस, ते खोटं आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, खिडकीच्या चौकटीत अंडी घालते, तिला शेत लागत नाही. गोचीडताप म्हाताऱ्या कुत्र्याला एका आठवड्यात झोपवतो. ताप, खाणं बंद, पोटावर लाल टिपके, आणि कधी एकदम नाकाचा घोळणा फुटतो. रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या असतात. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून लोक गोळ्या सोडतात आणि महिन्यानं परत येतात. गोचिडीसाठी जनावरांचं आयव्हरमेक्टिन कोणी टोचू म्हणालं तर सरळ नको म्हण. कोली जातीची कुत्री त्यानं दगावतात, आणि तुमच्या रस्त्यावरच्या मिश्र कुत्र्यांत कोणाचं रक्त आहे हे कोण सांगणार? पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नकोस. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, हिरड्या पिवळ्या पडतात, आणि तो माणसालाही होतो. अशा कुत्र्याची शू हातमोजे घालून पूस.

ब्रूनोचं भुंकणं घोगरं झालंय म्हणालीस. म्हाताऱ्या लॅब्राडॉरमध्ये घशातली श्वासाची झापडं लुळी पडतात, त्याचं पहिलं लक्षण हेच. डॉक्टरांना मुद्दाम सांग. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घाल. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाच्या आत फिरवून आण. दुपारी धापा टाकत पडला तर अंगावर साधं पाणी ओत, पंखा लाव आणि अंगाचं तापमान १०३ पर्यंत उतरलं की ओतणं थांबवून दवाखान्यात ने.

तुमच्या त्या आरशासारख्या फरश्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या वैऱ्या आहेत. त्याच्या वाटेवर गोणपाट किंवा रबरी चटया टाक, पंजांमधले केस काप, नखं वाढू देऊ नकोस. रात्री भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, दाराच्या चुकीच्या बाजूला अडकतो, घरात शू करतो, हे म्हातारचळ असेलही. पण त्याआधी डोळे, सांधे आणि लघवी तपासून घे. पुष्कळदा त्याला फक्त दुखत असतं.

दवाखाना दुखणं यायच्या आधी शोधून ठेव. तुमच्या डॉक्टरांना विचार की रात्री ते फोन घेतात का, घेत नसतील तर रात्री उघडं कोण असतं, सोनोग्राफी कुठं होते, रक्त कुठून मिळतं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि शेजारी १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटांचं कुत्र्या-मांजरांचं मोठं रुग्णालय आहे. तुला जवळचं म्हणशील तर साताऱ्याच्या वाटेवर शिरवळचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय. १९६२ हा सरकारी नंबर मुख्यतः गाई-म्हशींसाठी, शहरात त्याच्यावर विसंबू नकोस. खर्च आधी विचारायला लाजू नकोस. चांगला डॉक्टर रागावत नाही. तो सांगतो की या पैशात हे करता येईल आणि हे नाही.

आणि तू विचारता विचारता थांबलीस, ते. वेळ कधी आली हे कसं कळतं? कॅलेंडरवरच कळतं. ज्या दिवशी तो स्वतःहून जेवला, दारापर्यंत आला, शेपटी हलवली, त्या दिवशी टिक कर. नाही तर फुली. दोन आठवडे फुल्याच जास्त दिसायला लागल्या की डॉक्टरांशी बोल. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही मिनिटांत होतं. डोळे उघडेच राहतात, शेवटी एखादा मोठा श्वास येतो, शू होते. तो जिवंत आहे असं त्यामुळं वाटून घेऊ नकोस. जवळ थांबायचं का नाही ते तू ठरव, पण पोरांना "गावाला पाठवला" असं खोटं सांगू नकोस. ती माझ्याकडे येतील आणि विचारतील. आज ही वेळ नाही. चक्करेनं पडलेल्या कुत्र्याचं पहिल्या तीन दिवसांत कोणीच काही ठरवू नये.

पुढच्या महिन्यात फिटची किंवा हृदयाची गोळी सुरू झालीच, तर ती मनानं बंद करू नकोस. फिटची आणि स्टेरॉइडची गोळी एकदम तोडली तर मूळ दुखण्यापेक्षा वाईट होतं. दिवाळीला त्याला घेऊनच ये, फटाके इथं वस्तीवर कमी असतात. फक्त गोळ्या दोन आठवड्यांच्या जादा बांधून आण. आमच्या तालुक्याच्या दुकानात कुत्र्याच्या हृदयाची गोळी मागितली की दुकानदार गोचिडीची पावडर पुढं करतो.